दहा हजार आरपीएमची हार्डडिस्क आणि हरवलेली हळद

यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या बाजूला आमचं गाव. मी लग्नाचं शूटिंग करतो आणि घरच्याच एका टिनाच्या खोलीत मिक्सिंग, म्हणजे त्या व्हिडिओचं एडिटिंग करतो. साक्षगंध, हळद, लगन, बारसं, मधूनच एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं बॅनर. माझ्यासारखे तालुक्या-खेड्यात बसून हेच काम करणारे खूप आहेत, त्यांनी माझी फजिती वाचावी म्हणून लिहितो आहे. लाज वाटते, पण लाजून तरी काय करता.

2023 च्या फेब्रुवारीतली गोष्ट. सीझन तोंडावर आलेला. माझ्या कॉम्प्युटरला 8 जीबी रॅम आणि 1 टीबीची साधी हार्डडिस्क, तीही गळ्यापर्यंत भरलेली. एडियस या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन कॅमेऱ्यांचं फुटेज एकावर एक टाकलं की चित्र अडकून राहायचं. नवरदेव अक्षता पडायच्या आधीच पुतळा व्हायचा. कुणीतरी सांगितलं, हार्डडिस्क स्लो आहे, फास्टवाली टाक. झालं, डोक्यात तेच बसलं.

सकाळच्या एसटीनं नागपूर गाठलं. बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातल्या एका दुकानात गेलो, नाव लिहीत नाही. दुकानदार बोलायला गोड. त्यानं विचारलं, "काम काय करता भाऊ?" म्हटलं, मिक्सिंग. "मग साध्या डिस्कवर काऊन जीव काढून राहिले? ही सर्व्हरची आहे, दहा हजार आरपीएम, म्हणजे मिनिटाला दहा हजार फेरे. तुमची फिरते सात हजार दोनशेनं. हिशोब तुम्हीच करा." 4 टीबी, साडेअकरा हजार रुपये.

मी हिशोब केला खरा, पण त्यानं सांगितला तेवढाच.

मग त्यानं प्रात्यक्षिक दाखवलं, आणि तिथंच मी गळाला लागलो. डिस्क त्याच्या काउंटरवरच्या मशीनला लावली आणि सातशे एमबीची एक फाइल कॉपी केली. हिरवी पट्टी सर्रकन गेली, वर आकडा चमकला, सेकंदाला 1.2 जीबी. मी तोंड उघडं टाकून पाहत राहिलो. आज कळतं की तो आकडाच चोराच्या पावलांचा ठसा होता. डिस्क मदरबोर्डला जोडतात त्या साटा केबलची वरची मर्यादाच सेकंदाला 600 एमबीच्या आसपास आहे, आणि फिरणारी डिस्क त्याच्या निम्म्यालाही सहसा पोचत नाही, चांगली डेस्कटॉपची डिस्क दीडशे ते दोनशे-अडीचशेत खेळते. मग 1.2 जीबी आलं कुठून? विंडोज छोटी फाइल आधी रॅममध्ये घेते आणि "झालं" म्हणून सांगते, डिस्कवर मागून सावकाश लिहीत बसते. कुणाला खरंच तपासायचं असेल तर रॅमच्या दुपटीहून मोठी फाइल, तीस-चाळीस जीबीची, कॉपी करायला लावा आणि चहा पिऊन या. परत आल्यावर दिसेल तो खरा वेग.

बिलाचं विचारलं तर म्हणाला, "पक्कं पाहिजे तर अठरा टक्के जीएसटी वर पडेल." दोन हजार वाचले म्हणून मी खुश. कच्च्या चिठ्ठीवर पेन्सिलनं लिहिलं होतं, "एचडीडी 1 नग". ना कंपनी, ना सीरियल नंबर. पैसे नगदी दिले.

आता डिस्ककडे या. ती चंदेरी पिशवीत होती, पण पिशवीचं तोंड कारखान्यात चिकटवतात तसं नव्हतं, सेलोटेपनं बंद केलेलं होतं. बाजूच्या स्क्रूच्या भोकांत आटे घासून चकाकत होते, म्हणजे ही आधी कुठल्या तरी डब्यात बसून आली होती. केबल लावायच्या सोनेरी पट्ट्यांवर बारीक उभे ओरखडे. आणि वरच्या लेबलवर "10000 आरपीएम" हे अक्षर बाकीच्या अक्षरांपेक्षा जाड, त्या चिठोऱ्याचा एक कोपरा किंचित उचललेला. हे सगळं माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दिसलं मात्र जूनमध्ये.

एप्रिल बरा गेला. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, टिनाखाली किती होत असेल ते तुम्हीच समजा. पंखा होता, कूलर ग्राहकाच्या खोलीत. फाइल उघडायला मिनिट लागायचं, मग दोन मिनिटं. मी समजलो एडियस जड झालं. एके रात्री कॉपी करता करता मशीन थिजलं, पुन्हा चालू केलं तर डिस्क दिसेचना. कान लावला तर आतून टक... टक... टक. घरी आजोबांचं ठोके देणारं लाकडी घड्याळ होतं, थेट तसाच आवाज.

त्या डिस्कमध्ये तीन लग्नं होती. दोघांची पेनड्राइव्ह देऊन झाली होती. तिसरं शेजारच्याच गावचं, आणि त्याचं फुटेज फक्त तिथंच. कॅमेऱ्याची कार्डं मी दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी फॉरमॅट केली होती. यात दुकानदाराचा काही संबंध नाही, ही माझी चूक.

नागपूरलाच एका रिकव्हरीवाल्याकडे डिस्क टाकली. पोरगा हुशार. मॉडेल नंबर पाहूनच हसला. म्हणाला, "दादा, ही दहा हजारची असूच शकत नाही. दहा हजारवाल्या डिस्का 2.4 टीबीच्या वर निघाल्याच नाहीत, आणि त्या लहान, अडीच इंची, सर्व्हरच्या सॅस सॉकेटच्या असतात, तुमच्या मदरबोर्डला लागणारच नाहीत." घरच्या कॉम्प्युटरसाठी साटावाल्या निघाल्या होत्या म्हणे, वेस्टर्न डिजिटलची रॅप्टर 2003 मध्ये, सुरुवातीची 36 जीबीची. मग 2008 मध्ये व्हेलोसिरॅप्टर, आणि 2012 पर्यंत तिची 1 टीबी झाली. तिथंच गाडी थांबली, कारण तोवर एसएसडी, म्हणजे न फिरणाऱ्या चिपच्या डिस्का, आल्या होत्या. म्हणजे 4 टीबीची, साटाची, दहा हजारची डिस्क ही वस्तू बाजारात कधी आलीच नाही. साडेअकरा हजारांत मी न जन्मलेलं लेकरू घरी आणलं होतं.

माझी डिस्क 5900 आरपीएमची होती, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यात, डीव्हीआरमध्ये टाकतात ती. चालून झालेले तास 41,300. वर्षाचे तास 8,760 होतात, म्हणजे पावणेपाच वर्षं रात्रंदिवस राबून थकलेली. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात फिरण्याचा वेग, पॉवर ऑन तास आणि खराब सेक्टर सगळं दिसतं. दुकानातच दोन मिनिटांत दिसलं असतं. पण तासांचा आकडाही शून्य करणारे आहेत, त्यामुळे नुसते कमी तास पाहून निवांत होऊ नका. सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधी संपते तेही पाहा. आणि तो नंबर लेबलवरचा नको, सॉफ्टवेअरमध्ये दिसतो तो घ्या.

पोरानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझ्या लग्नांच्या तुकड्यांसोबत जुने तुकडेही वर आले होते. कुठल्या तरी औषधाच्या दुकानाचं काउंटर, वरून घेतलेलं. एक म्हातारी पदराची गाठ सोडून पैसे मोजते आहे, कोपऱ्यात तारीख 2019 ची. मी हळद शोधायला गेलो आणि हे सापडलं.

दुकानदाराकडे परत गेलो. तो आता गोड नव्हता. "तुमच्या इकडे लाईटचा भरोसा नाई भाऊ, व्होल्टेजनं उडाली असल. आणि आमचाच माल कशावरून?" चिठ्ठी पुढे केली तर म्हणे यावर नंबर कुठं आहे. बरोबर होतं त्याचं. ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते, हे सगळं नंतर समजलं. पण ना बिल, ना यूपीआयची नोंद. दोन हजार वाचवल्याचे हे असे फेडले.

खरं सांगू, ती डिस्क अस्सल दहा हजारची निघाली असती तरी माझं चित्र अडकणारच होतं. माझे कॅमेरे 50 मेगाबिटनं रेकॉर्ड करतात. आठनं भागा, सेकंदाला सव्वासहा एमबी. दोन कॅमेरे धरले तर साडेबारा. एवढं तर जुनी डिस्कही एका हातानं देते. अडत होतं ते प्रोसेसर आणि रॅमपाशी. 16 जीबी रॅम केली, एडियसमध्ये प्रॉक्सी, म्हणजे फुटेजची हलकी कॉपी करून तिच्यावर काम सुरू केलं, आणि नवरदेव हलू लागला. आरपीएम कामी येतो तो विखुरलेल्या छोट्या फायली शोधताना: पाहिजे तो भाग डिस्क वाचणाऱ्या सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, 7200 ला सुमारे 4.2 मिलिसेकंद, 10,000 ला 3. वाचले किती, तर एक-सव्वा. सुई जागेवर न्यायचा वेळ वेगळा. एसएसडीत फिरायचंच काही नाही, तिथं हाच शोध मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात किंवा त्याहून कमीत होतो. म्हणून विंडोज, एडियस आणि चालू लग्न मी 480 जीबीच्या एसएसडीवर ठेवतो, तेव्हा ती तीनेक हजारांत आली होती. झालेली लग्नं साध्या फिरत्या डिस्कवर, एक नाही, दोन. त्या 5400 च्या असल्या तरी चालतं, साठवायलाच आहेत.

लगन बरंचसं परत मिळालं. हळद गेली. रिकव्हरीचे पैसे, परत केलेला अॅडव्हान्स, आणि त्या घरी जाऊन उंबऱ्यावर बसणं, ते वेगळं. मुलीचे वडील ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते चहा ठेवायला सांगून आत गेले.

गेल्या वर्षी त्याच मुलीच्या लेकराचं बारसं होतं. शूटिंग मी बिनपैशांचं केलं, दोन कार्डांवर. निघताना तिनं हळूच विचारलं, "भाऊ, त्या डिस्कमध्ये अजून काई सापडलं काय? आजी होती ना हळदीत." आजी त्याच पावसाळ्यात गेली होती. मला ते माहीत नव्हतं.