लूपबॅक अडॅप्टर: आठ महिने वापरून झाल्यावर

नाशिकच्या अंबडला माझा पॅनल आणि ऑटोमेशनचा छोटा गाळा आहे. रात्रीचं ऑफिस म्हणजे सिडकोतल्या घरचं जेवणाचं टेबल. दोन्हीकडे एकच लॅपटॉप, माझा स्वतःचा, विंडोज होम असलेला. गेल्या आषाढात त्यावर मायक्रोसॉफ्ट केएम-टेस्ट लूपबॅक अडॅप्टर (सॉफ्टवेअरचं लॅन कार्ड) बसवला. आता द्राक्षाचा सीझन संपत आलाय, तेव्हा जमाखर्च मांडायला हरकत नाही.

गरज का पडली, ते आधी. स्काडाचं, म्हणजे मशिनरीवर कॉम्प्युटरवरून नजर ठेवायचं, जे सॉफ्टवेअर मी वापरतो, त्याचा प्रोजेक्ट एका ठरलेल्या आयपीला (नेटवर्कवरच्या पत्त्याला) बांधलेला असतो. साईटवर लॅनची केबल लावलेली असते तोवर काही प्रश्न नाही. घरी केबल काढली की विंडोज त्या पोर्टचा आयपीच काढून घेतं आणि स्काडाचा सर्व्हर सुरू व्हायला नकार देतो. वायफायवर आयपी राऊटर देईल तो, आज एक उद्या दुसरा. त्यामुळे कितीतरी महिने मी टेबलाखाली एक जुना नेटवर्क स्विच केबल लावून चालू ठेवायचो. पोर्टचा हिरवा दिवा लागावा, एवढंच त्याचं काम. पावसाळ्यात लाईट गेली की स्विच बंद, आणि लॅपटॉप बॅटरीवर असूनही सर्व्हर बंद!

लूपबॅक अडॅप्टर हे नसलेलं लॅन कार्ड आहे. त्याला केबल नाही, दिवा नाही, पण विंडोजच्या लेखी ते कायम जोडलेलं. बसवायला पाच मिनिटं लागतात. डिव्हाइस मॅनेजर उघडायचा, ॲक्शन मेनूतून ‘ॲड लेगसी हार्डवेअर’, यादीतून हाताने निवडायचा पर्याय, नेटवर्क अडॅप्टर्स, डावीकडे मायक्रोसॉफ्ट, उजवीकडे केएम-टेस्ट लूपबॅक. विंडोज 7 मध्ये याचं नाव नुसतं मायक्रोसॉफ्ट लूपबॅक अडॅप्टर होतं, त्यामुळे जुने व्हिडिओ पाहून शोधणाऱ्याला नव्या विंडोजवर ते सापडत नाही. बसल्या बसल्या तो 169.254 ने सुरू होणारा आयपी घेतो, कारण पत्ता देणारं पलीकडे कुणीच नसतं. मग ncpa.cpl (नेटवर्क कार्डांची यादी) उघडून त्याचं नाव ‘लूपबॅक’ केलं आणि आयपी हाताने भरला.

माझे सगळे घोटाळे या शेवटच्या वाक्यात झाले.

पहिला घोटाळा गेटवेचा, म्हणजे नेटवर्कबाहेर जायच्या दाराच्या पत्त्याचा. सरकारी फॉर्म भरायच्या सवयीने मी एकही रकाना रिकामा सोडला नाही. गेटवेत काहीतरी टाकलं आणि इंटरनेट बंद. वायफाय जोडलेलं, शेजारचा मोबाईल मस्त चालतोय, लॅपटॉपवर मात्र एक पान उघडेना. route print ही कमांड मारल्यावर 0.0.0.0 च्या, म्हणजे बाहेर जायच्या वाटेच्या, दोन ओळी दिसल्या. लूपबॅकवाल्या ओळीचं मेट्रिक (ज्याचं कमी, ती वाट आधी) कमी, म्हणून बाहेर जाणारं सगळं त्या बिनदिव्याच्या कार्डात जाऊन पडत होतं. गेटवे आणि डीएनएस दोन्ही रकाने कोरे ठेवले, मिटलं.

दुसरा घोटाळा महागात पडला. घरी मी लूपबॅकला 192.168.0.5 दिला होता. घरचा राऊटर 192.168.1 मध्ये, म्हणजे वेगळ्या नेटवर्कात, त्यामुळे सहा महिने काही जाणवलं नाही. माघात दिंडोरीकडे एका पॅकहाऊसच्या प्रीकूलिंग चेंबरचं (माल गार करायच्या खोलीचं) काम होतं. तिथला पीएलसी, म्हणजे यंत्रणा चालवणारा कंट्रोलर, 192.168.0.1 वर. उलट्या क्रेटवर लॅपटॉप ठेवला, केबल लावली, तो उत्तर देतो का ते पाहायला पिंग मारलं. उत्तर नाही. हेल्पर म्हणाला, “सर, केबलच खराब असंल.” दोन केबली बदलल्या. बाहेर मालाची गाडी उभी, मॅनेजर दर दहा मिनिटांनी डोकावतोय: “साहेब, माल आत लावायचाय, अजून किती वेळ?”

अर्ध्या तासाने पिंगची ओळ नीट वाचली. ‘होस्ट अनरीचेबल’ असं सांगणारा पत्ता 192.168.0.5 होता, म्हणजे माझाच लॅपटॉप मला सांगत होता की पीएलसी सापडत नाही. दोन कार्डं एकाच नेटवर्कात आली की विंडोज कमी मेट्रिकचं कार्ड निवडतं, आणि मेट्रिक ठरवतं कार्डाच्या वेगावरून: वेग जास्त, मेट्रिक कमी. पीएलसीचा पोर्ट 100 एमबीपीएसचा. लूपबॅक स्वतःला 1.2 जीबीपीएसचा म्हणवतो. (हा आकडा पाहून पुतण्या विचारत होता, “काका, एवढं स्पीड आहे तर माझी गेम का अडकते?”) अडॅप्टर डिसेबल केला, पुढच्याच क्षणी पीएलसी बोलायला लागला. मॅनेजरला कारण सांगितलं नाही.

त्या रात्री पत्ता बदलून 10.77.77.1 केला, मास्क 255.255.255.0 (पहिले तीन आकडे सारखे, ते पत्ते एकाच नेटवर्कात). 10 ने सुरू होणारे पत्तेही खाजगी वापराचेच, पण मी जातो त्या साईटवर 77.77 अजून भेटलेला नाही. प्रोजेक्टमध्ये सगळीकडे नवा आयपी टाकायला दीड तास गेला. बसवतानाच हे केलं असतं तर तो वाचला असता.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) या अडॅप्टरला ब्रिज करून, म्हणजे थेट जोडून, ठेवलंय, 10.77.77.2 वर. त्यात ऑपरेटरचा क्लायंट चालतो, म्हणजे गिऱ्हाइकाकडचं चित्र घरबसल्या दिसतं. इथे अडला तो फायरवॉल. गेटवे कोरा असला की विंडोज त्याला अनोळखी नेटवर्क समजतं आणि पब्लिक धरून आत येणारी जोडणी अडवतं. मी प्रोफाइल प्रायव्हेट करून पाहिलं, पण माझ्याकडे रीस्टार्टनंतर ते टिकेना. शेवटी सर्व्हरच्या पोर्टासाठी इनबाउंड (आत येणाऱ्या जोडणीचा) नियम केला आणि स्कोपमध्ये फक्त 10.77.77.0/24, म्हणजे 10.77.77 ने सुरू होणारे पत्ते, एवढंच ठेवलं. काही जण वैतागून फायरवॉलच बंद करतात. गिऱ्हाइकाच्या नेटवर्कात तोच लॅपटॉप लावायचा असतो, त्यामुळे माझी तरी तेवढी हिंमत नाही.

तुमचं सॉफ्टवेअर 127.0.0.1 वर, म्हणजे कॉम्प्युटरच्या स्वतःसाठीच्या ठरलेल्या पत्त्यावर, चालत असेल तर या वाटेला जाऊच नका. व्हर्च्युअल मशीनला नुसतं इंटरनेट हवं असेल तर साधं नॅट (लॅपटॉपच्याच जोडणीतून बाहेर जाणं) पुरतं. माझ्यासारखा ठरलेल्या आयपीचा हट्ट करणारा प्रोग्रॅम असेल, तर मात्र बसवा. टेबलाखालचा स्विच मी दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला दिला.