दारातले फायबर पॉड: आठ महिन्यांनंतर काय टिकलं, काय नाही

गाडीच्या पुढच्या दोन्ही दारांत साडेसहा इंची स्पीकरसाठी घरीच फायबरचे पॉड, म्हणजे स्पीकर बसवायचे फुगीर कवच, बनवले, त्याला आता आठ महिने झाले. काचेच्या तंतूंना पाजलं की वाळून कडक होणारं द्रव म्हणजे रेझिन. उजवा पॉड साध्या पॉलिएस्टर रेझिनचा, डावा इपॉक्सी रेझिनचा. ठरवून केलेला प्रयोग नव्हता हा. उजव्याच्या वेळी वास घरभर पसरला, घरच्यांनी डोळे वटारले, म्हणून डाव्यासाठी कमी वासाचं आणि बरंच महाग इपॉक्सी आणलं. महाग म्हणजे चांगलंच असणार, असं गृहीत धरलं होतं.

गोम मॅटमध्ये निघाली. चॉप्ड स्ट्रँड मॅट म्हणजे काचेच्या आखूड तंतूंची चटई. तंतू बाइंडरने एकत्र धरलेले असतात. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन हा बाइंडर विरघळवतं, मग मॅट मऊ पडते आणि कोपऱ्यात ओल्या कागदासारखी बसते. इपॉक्सीत स्टायरीनच नाही. मॅट ताठच्या ताठ! ब्रशने दाबली की बसायची, ब्रश उचलला की पुन्हा वर. इपॉक्सी वापरायचंच तर विणलेलं फायबर कापड घ्यावं, हे मला पॉड वाळल्यावर कळलं. आतून पांढरे कोरडे पट्टे अजून दिसतात. त्यात वरून पॉलिएस्टरची पुट्टी ओढली. इपॉक्सी वाळताना पृष्ठभागावर मेणचट थर येऊ शकतो. तो आधी पाण्याने धुवायचा आणि मग घासायचं, नाहीतर पुट्टी नीट धरत नाही. मी नुसतंच घासलं. पाचव्या महिन्यात कडेची पुट्टी सुटायला लागली.

उजवा पॉड मात्र ठणठणीत आहे. त्याला मागून 450 ग्रॅमच्या (चौरस मीटरमागे) मॅटचे चार थर दिले. एक थर वाळल्यावर साधारण 1 मिमी भरतो, आणि मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीचपट रेझिन लागतं. मॅट कात्रीने न कापता हाताने फाडली, त्यामुळे तुकड्यांच्या कडा एकमेकांत मिसळून गेल्या, पायऱ्या पडल्या नाहीत. हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं रसायन, दीड टक्का, म्हणजे 200 ग्रॅमला 3 ग्रॅम, वजनकाट्यावर मोजून. एकदा घाईत मोठा डबा एकदम कालवला. दहा मिनिटांत डबा हातात धरवेना इतका तापला आणि सगळं घट्ट झालं. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: रेझिनमध्ये कोबाल्ट (वाळणं वेगाने व्हावं म्हणून घालायचं रसायन) वेगळा घालायचा असेल तर तो आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, स्फोट होऊ शकतो. चष्मा आणि कार्ट्रिजवाला मास्क हवाच. कापडी मास्कने स्टायरीनची वाफ अडत नाही.

पॉडचा बाहेरचा आकार स्पीकरच्या रिंगवरून कापड ताणून आणि त्याला रेझिन पाजून घडतो. या वरच्या कापडासाठी फ्लीस, म्हणजे जाड लवदार कापड, घ्या. आधी जुना टी-शर्ट ताणून पाहिला होता. तो रेझिन पितच नाही, कवच पापुद्र्यासारखं होतं. फ्लीस भरपूर रेझिन पितो आणि पहिल्याच हातात आकार धरतो. पण ताणलेलं कापड कुठलंही असो, दोन टोकांमध्ये ते सरळच जातं. फुगीर आकार हवा असेल तर आतून टेकू लागतो. मी थर्माकोल लावला आणि पॉलिएस्टर रेझिनने तो डोळ्यांदेखत खाऊन टाकला. पीयू (पॉलियुरेथेन) फोमला काही होत नाही.

पॉलिएस्टर वाळताना आकसतं, ही त्याची खरी खोड. उजवा पॉड मी दारावरून लवकर काढला आणि खालचा कोपरा 3 मिमी उचलला गेला. रेक्झिनखाली फट झाकली गेली, पण मला ती दिसते. शेवटच्या हातासाठी मेण घातलेलं रेझिन घ्या, नाहीतर पृष्ठभाग चिकट राहतो आणि पॉलिश पेपर मिनिटभरात भरतो.

एवढा काथ्याकूट रेझिनवर केला आणि खरा त्रास दिला तो एमडीएफने, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीने. पॉडमधली स्पीकर धरणारी एमडीएफची रिंग फायबरात बंद आहे, ती ठीक. पण दाराचा पत्रा आणि स्पीकर यांच्यामधला स्पेसरही मी एमडीएफचाच केला, वर रंगाचा एक हात. काचेवरचं पाणी दाराच्या आतूनच खाली उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर जातं. पावसाळ्यात स्पेसरची कापलेली कड फुगली, स्क्रू सैल झाले आणि बेसला खरखर सुरू झाली. दोन आठवडे मी स्पीकरलाच दोष देत बसलो होतो.

आता दोन्हीकडे मरीन प्लायचे (पाण्याला टिकणाऱ्या प्लायवुडचे) स्पेसर बसवलेत, उरलेलं इपॉक्सी सगळ्या बाजूंनी, स्क्रूच्या भोकांतसुद्धा पाजून. त्यावर ना मॅट चढवायची ना पुट्टी, त्यामुळे तिथे ते छान जमलं. डावा पॉड पुढच्या सुट्टीत फोडून पॉलिएस्टरमध्ये नव्याने करणार आहे, या वेळी गच्चीवर.