जाड गादी की सस्पेन्शन सीट?

काटोलकडून संत्र्याची ट्रॉली नागपूरच्या कळमना बाजारात आणणारा ट्रॅक्टर असो की काळ्या रानात रोटाव्हेटर मारणारा, सीटवर फोमची गादी नाहीतर घडी घातलेलं पोतं दिसतंच. स्वस्त, बसल्याबसल्या मऊ. पण बूड सुखावलं म्हणजे कंबर वाचली असं नाही.

बहुतेक ट्रॅक्टरच्या मागच्या अ‍ॅक्सलला स्प्रिंग नसते. धक्का झेलतो तो टायरच. वाळलेल्या ढेकळांवरचे हादरे संथ असतात, सेकंदाला साधारण 1 ते 7. आपला कणा नेमका 4 ते 6 च्या आसपास जास्त डोलतो. गंमत म्हणजे फोमही साधारण 4 लाच डोलतो, त्यामुळे त्या वेगाचा हादरा गादी कमी करत नाही, उलट वाढवते.

सस्पेन्शन सीटमध्ये कैचीसारखी चौकट, स्प्रिंग आणि डोलणं शमवणारा डॅम्पर असतो. खरी मेख वजनाच्या नॉबमध्ये आहे. मालक 90 किलोचा, ड्रायव्हर 55 चा आणि नॉब कोणी फिरवतच नाही, मग सीट एकतर दगडासारखी ताठ राहते, नाहीतर खाली आपटते. नॉब आपल्या वजनावर आणला तर फरक पहिल्याच तासात कळतो. आडवे हेलकावे मात्र तीही फारसे अडवत नाही, आणि मागे वळून अवजार पाहताना पडणारा पीळ तर नाहीच.

युरोपात अंगाला बसणाऱ्या हादऱ्याच्या जोराने 8 तासांच्या सरासरीला 0.5 मीटर प्रति सेकंद वर्ग ओलांडला की मालकाला उपाय करावेच लागतात, 1.15 ही कमाल मर्यादा.

हंगामात दिवसभर स्टिअरिंगवर असाल तर सीटच बदला. आठवड्यातून एखादी फेरी असेल तर गादी चालेल, फक्त पातळ आणि घट्ट घ्या.