सिग्नल 85, क्वालिटी 0: ‘एस2’ म्हणून गळ्यात मारलेले जुने बॉक्स

गणपतीला चाकरमानी यायच्या आत टीव्ही चालू हवा, म्हणून डिशचा सेट-टॉप बॉक्स घाईघाईत घेतला जातो आणि नेमकं तिथेच फसायला होतं. खोक्यावर ‘एचडी’, ‘एमपेग-4’, ‘डीव्हीबी-एस2’ असं सगळं छापलेलं असतं. डीव्हीबी-एस ही उपग्रहावरून टीव्ही पाठवण्याची जुनी पद्धत, एस2 ही तिची नवी आवृत्ती. आतला बॉक्स मात्र फक्त जुनं डीव्हीबी-एस वाचणारा. काही वाहिन्या लागतात, त्यामुळे दुकानात शंका येत नाही. घरी स्कॅन केल्यावर शेजाऱ्याकडे दिसणाऱ्या कितीतरी वाहिन्या यादीतच नसतात. दुरुस्तीवाला येतो, स्क्रीनवरच्या दोन पट्ट्या दाखवतो: सिग्नल 85, क्वालिटी 0. ‘‘वयनी, एलएनबी गेलो तुमचो.’’ नवा एलएनबी (छत्रीसमोर दांडीवर बसवलेला छोटा डबा) बसतो, पट्ट्या तशाच. मग बूस्टर, मग मोठी छत्री. बदलायचा होता तो बॉक्स; तो जागेवर राहतो आणि बाकी सगळं नवं होतं.

एलएनबीचं काम मर्यादित आहे. उपग्रहाकडून 10.7 ते 12.75 गिगाहर्ट्झमध्ये येणारी लहर तो वाढवतो आणि 950 ते 2150 मेगाहर्ट्झवर उतरवून केबलमध्ये सोडतो. त्या लहरीवर क्यूपीएसके आहे की 8पीएसके (लहरीवर माहिती चढवण्याच्या दोन पद्धती), हे त्याला ठाऊक नसतं. छत्रीला नाही, केबललाही नाही. ते ओळखतो बॉक्समधला डीमॉड्युलेटर, म्हणजे लहरीतून माहिती काढणारा चिपचा भाग. तेव्हा ‘नवीन स्टँडर्ड आलंय, एलएनबी बदलावा लागेल’ हे वाक्य ऐकलं की पाकीट खिशात परत ठेवावं. (अगदीच हलक्या एलएनबीच्या फेज नॉइजने, म्हणजे लहरीच्या थरथरीने, 8पीएसकेची क्वालिटी घसरते, हे खरं. पण चांगला चालणारा एलएनबी केवळ एस2 आलं म्हणून निकामी होत नाही.)

डीव्हीबी-एसमध्ये क्यूपीएसके, म्हणजे एका सिम्बॉलमागे (लहरीच्या एका खुणेमागे) 2 बिट. चुकांची दुरुस्ती दोन थरांत होते: आधी व्हिटर्बी, मग रीड-सॉलोमन. 188 बाइटच्या पॅकेटला 16 बाइट जोडून 204 केले जातात आणि त्यांच्या जोरावर 8 बाइटपर्यंतच्या चुका भरून निघतात. डीव्हीबी-एस2मध्ये ही जोडी गेली आणि चुका दुरुस्त करणारी नवी जोडी आली: एलडीपीसी व बीसीएच. 8पीएसके वापरलं तर सिम्बॉलमागे 3 बिट. तेवढ्याच बँडविड्थमध्ये सुमारे 30 टक्के जास्त माल बसतो. जुन्या चिपला हे गणित येतच नाही. लहर पोचते म्हणून सिग्नलची पट्टी भरते. क्वालिटीची पट्टी मात्र लॉक लागल्यावरच, म्हणजे बॉक्सला ती लहर वाचता आल्यावरच हलते. मुळात सिग्नलच्या पट्टीवर फार विसंबू नये. छत्री चुकीच्या दिशेला असली तरी एलएनबीच्या स्वतःच्या गोंगाटाने ती वर चढते.

म्हणून तीन गोष्टी एकत्र पाहाव्यात: सिग्नल भरपूर, एस2 ट्रान्सपॉन्डरवर (उपग्रहावरून एकत्र येणाऱ्या वाहिन्यांच्या एस2 गटावर) क्वालिटी 0, आणि त्याच छत्रीवर जुन्या वाहिन्या स्वच्छ. असं असेल तर पहिला संशय बॉक्सवर. शेजारचा चालू बॉक्स आणून त्याच केबलला लावला की पाच मिनिटांत निकाल लागतो. ‘सॉफ्टवेअर टाकून एस2 करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत. चिपमध्ये नसलेला डीमॉड्युलेटर पेन ड्राइव्हमधून येत नाही. क्वालिटी चांगली, आवाज येतो, पण चित्र नाही, असं असेल तर बहुधा चिपला एमपेग-4 (चित्र दाबून पाठवण्याची पद्धत) येत नाही. ती वेगळी अडचण.

बूस्टरची गोष्ट आणखी वाईट. तो सिग्नलबरोबर गोंगाटही तेवढाच वाढवतो. तीस-चाळीस मीटर केबल असेल तर त्याचा उपयोग. पावसात जाणाऱ्या चित्रावर शून्य. क्यूपीएसके 3/4 ला (चार बिटांत तीन खऱ्या माहितीचे, बाकी दुरुस्तीचे) सिग्नल गोंगाटाच्या साधारण 4 डेसिबल वर लागतो, 8पीएसके 2/3 ला 6.6 च्या आसपास. एलडीपीसी कड्यावर उभं असतं: वर असाल तर चित्र निर्मळ, डेसिबलभर खाली गेलात की काहीच नाही. ऑक्टोबरच्या उन्हात झकास दिसणारी जोडणी जूनच्या पहिल्या सरीत मरते ती यामुळे. त्यावर इलाज मोठ्या छत्रीचा: 60 ऐवजी 90 सेंटीमीटर घेतली तर साडेतीन डेसिबल हाती येतात. तेही आधी दिशा नीट लावून. डीडी फ्री डिश 93.5 अंश पूर्वेच्या जीसॅट-15 वर आहे. रत्नागिरीहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे 59 अंशांवर येतो. त्या रेषेत माडाची झावळी आली, तर ओल्या झावळीपुढे कुठलाही बॉक्स हरतो.

एलएनबी बदलायच्या आधी एफ-कनेक्टर, म्हणजे केबलच्या टोकाचा फिरवून बसणारा जोड, उघडून पाहावा. खाऱ्या वाऱ्याने आतल्या तारेवर हिरवट थर आणि जाळीवर पांढरी पूड धरते. बॉक्स एलएनबीला 13 किंवा 18 व्होल्ट पाठवतो आणि त्यावरून उभं-आडवं ध्रुवीकरण ठरतं. गंजामुळे 18 चे 14 झाले की आडव्या वाहिन्या जातात आणि दोष एलएनबीच्या माथी येतो. टोकाची तीन-चार इंच केबल कापावी, नवा कनेक्टर लावावा, रबर टेप गुंडाळावा आणि खाली वळसा द्यावा, म्हणजे पागोळीचं पाणी आत न शिरता गळून जाईल.

फ्री डिशचं ‘लाइफटाइम रिचार्ज’ विकणारेही फिरतात. या सेवेला मासिक शुल्कच नाही, 2004 पासून नाही.

बॉक्स घेताना दुकानाच्या छत्रीवर एखादा एस2 ट्रान्सपॉन्डर स्कॅन करून घ्यावा, क्वालिटी आणि चित्र दोन्ही पाहावं. दुकानात छत्रीच नसेल तर बिलावर मॉडेल क्रमांकासोबत ‘डीव्हीबी-एस2, एमपेग-4’ असं लिहून घ्यावं. दुकानदार लिहायला कां-कूं करू लागला तर तिथून निघावं. ‘टीव्ही सामान, 1 नग’ एवढंच बिल हाती असेल, तर ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवताना दाखवायला काही उरत नाही.