डिझेलवरचा गरम पाण्याचा बॉयलर: एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरून

आधी निकाल सांगते, मग गाऱ्हाणी. यंत्र चांगलं आहे. सर्व्हिस देणारे मात्र देवाच्या भरवशावर. त्यामुळे घरातल्या एकाला तरी बर्नरची, म्हणजे डिझेल फवारून जाळणाऱ्या भागाची, भाषा कळत असेल, तरच या वाटेला जा.

पंचवटीत आमचं छोटं यात्री निवास आहे. खाली आमचं बिऱ्हाड, वर खोल्या. रामकुंडावर स्नानाला आलेली मंडळी असोत की पहाटे त्र्यंबकला पूजेला निघणारी, सगळ्यांना गरम पाणी चार ते सहा याच वेळात हवं असतं. गच्चीवर सोलर आहे, पण पावसाळ्यात तो नावाला, आणि थंडीत पहिल्या चार बादल्यांनंतर कोमट. लाकडाचा बंब होता, त्याच्या धुराने शेजारी वैतागले. गॅसच्या सिलिंडरांची रांग लावायला गल्लीत जागा नाही. म्हणून डिझेल.

खर्चाचं गणित आधी. हजार लिटर पाणी १८ अंशांवरून ५५ वर न्यायला ३७,००० किलोकॅलरी लागतात. एक लिटर डिझेल साधारण ८,६०० देतं, त्यातली पंधरा टक्के चिमणीतून आणि इकडेतिकडे जाते असं धरलं तर हजार लिटरला पाच लिटर डिझेल. नाशिकचा नव्वदीचा भाव धरला तर साडेचारशे रुपये. तेवढंच पाणी विजेच्या साध्या गिझरने तापवायला ४३ युनिट जातील. तेव्हा डिझेल फार स्वस्त पडतं अशी समजूत करून घेऊ नका. फायदा वेगाचा आहे. आमचा बर्नर तासाला साडेतीन लिटरच्या आत-बाहेर जाळतो आणि दीड तासात टाकी तयार करतो. इन्व्हर्टरवरही चालतो, कारण वीज फक्त मोटर आणि ठिणगीपुरती लागते.

आता गाऱ्हाणी, म्हणजे ते लाल बटण.

बर्नर पेटला नाही की कंट्रोलर, म्हणजे बर्नर चालू-बंद करणारी विजेची डबी, लॉक होतो आणि लाल दिवा लागतो. बटण दाबलं की पुन्हा प्रयत्न करतो. पहाटे पाहुणे दार वाजवत असले की कोणीही ते बटण टकटक दाबत बसतं. तेवढं मात्र करू नका. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात न जळलेलं डिझेल आतल्या भट्टीत साचतं, आणि नंतर पेटलं की धडाम आवाज येऊन चिमणीतून काळा लोट निघतो. दोनदाच दाबा, दाबताना कान लावा, आणि तरीही पेटला नाही तर बंद करा.

कान लावा म्हणजे काय, ते सांगते. आधी मोटरचा घर्रर्र आवाज. दहा-पंधरा सेकंद नुसती हवा फिरते, आतला जुना वायू बाहेर जातो. त्यातच ठिणगीची बारीक तडतड. मग टक्, म्हणजे डिझेलची वाट सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह, सोलेनॉइड, उघडला, आणि लगेच हुऽऽ करून ज्योत. ज्योतीवर नजर ठेवणारा उजेडाचा सेन्सर म्हणजे फोटोसेल; काही सेकंदांत त्याला उजेड दिसला नाही की सगळं बंद. हा क्रम एकदा पाठ झाला की बिघाड कुठे आहे ते निम्मं कळतं. घर्रर्रच नाही तर वीज, थर्मोस्टॅट किंवा मोटरचा कपॅसिटर. टक् झालं, डिझेलचा वास आला, चिमणीतून पांढुरकी वाफ आली पण ज्योत नाही, तर ठिणगीत घोळ: ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रोडवर काजळी, टोकांमधलं अंतर वाढलेलं, नाहीतर त्यांच्या चिनीमातीच्या आवरणाला तडा. टक् होऊनही वास नाही, वाफ नाही, म्हणजे तेलच पोचत नाही. आणि ज्योत पेटून लगेच विझते तेव्हा पहिला संशय फोटोसेलवर घ्यायचा.

डिसेंबरात नेमकं हेच झालं. हुऽऽ होऊन पेटायचा, आत बघायच्या काचेतून पिवळी ज्योत मला डोळ्यांनी दिसायची, आणि खट्कन बंद. सातपूरहून मेकॅनिक आला. झाकण न उघडताच म्हणाला, "ताई, कंट्रोलर गेलाय. नवीन टाकावा लागेल." भाऊजी पैसे मोजायला निघालेच होते. मी म्हटलं, "दादा, फोटोसेल काढून बघू या की आधी." बोटाच्या पेराएवढा तो तुकडा, ओढला की हातात येतो. काचेवर काजळीचा मखमली थर. सुती फडक्याने पुसला, जागेवर खोचला, बर्नर पेटला आणि पेटलेला राहिला. मेकॅनिकने येण्याजाण्याचे पैसे घेतले आणि कंट्रोलर परत पिशवीत टाकला. मल्टीमीटर असेल तर खात्रीही करता येते: फोटोसेल मुठीत झाकला की रोध खूप वाढतो, उजेडात धरला की झपकन उतरतो. उतरलाच नाही तर बदला.

पण काजळी आली कुठून? हा प्रश्न मेकॅनिकला पडलाच नाही. बॉयलरच्या खोलीला खाली हवेसाठी जाळी आहे. थंडी पडली तसं कामावरच्या पोराने उंदीर येतात म्हणून तिथे गोणपाट कोंबलं होतं. हवा कमी पडली की ज्योत काळा धूर ओकते, काजळी आत सगळीकडे बसते, चिमणीचं तापमान चढतं, आणि पाणी तेवढंच तापवायला डिझेल जास्त लागतं. आमच्या चिमणीवरचा काटा एरवी दोनशेच्या घरात असतो, तेव्हा अडीचशेच्या पुढे गेला होता. पैशापेक्षा मोठी भीती कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूची. त्याला वास नाही, आणि वर माणसं झोपलेली. गोणपाट काढलं, जाळीला बारीक तार लावली, आतली काजळी ब्रशने झाडली.

पावसाळ्यातली तक्रार वेगळी. डिझेल आम्ही पिंपात ठेवतो. अर्ध्या रिकाम्या पिंपात दमट हवेचं पाणी तळाशी जमतं, आणि ते नेमकं फिल्टरमध्ये येतं. तळाच्या कॉकमधून दर आठवड्याला कपभर काढून काचेच्या ग्लासात बघते. खाली पाण्याचा थर दिसला की स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडते. पिंप कधीही कोरडं पडू देऊ नका. एकदा पडलं, आणि नुसतं डिझेल भरून भागलं नाही, कारण नळीत हवा शिरली होती. पंपावरचा छोटा स्क्रू पान्याने जरा सैल करायचा, खाली डबा धरायचा, बर्नर सुरू करायचा. आधी दुधासारखा फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग धार. धार आली की घट्ट. ज्याने बॉयलर बसवून दिला त्याने हे दाखवायला हवं होतं. त्याने वॉरंटी कार्डावर सही केली आणि चहा पिऊन गेला.

सगळ्यात फसवा बिघाड कपलिंगचा. मोटर आणि पंप यांच्यामधला हा प्लॅस्टिकचा तुकडा तुटला तरी मोटर फिरते, पंखा वारा घालतो, आवाज अगदी नेहमीसारखा. फक्त पंप जागचा हलत नाही. लोक नोझल, म्हणजे डिझेलचा फवारा मारणारं तोंड, बदलतात, फिल्टर बदलतात, पंप बदलायला निघतात. तेल येत नसेल तर आधी हा तुकडा बघा.

नोझलला सुई-टाचणी लावू नका. भोक इतकं बारीक असतं की एक ओरखडा पडला तरी फवारा वाकडा होतो. त्यावर लिटर नव्हे, ठरावीक दाबाला तासाला किती गॅलन तो आकडा आणि फवाऱ्याचा कोन कोरलेला असतो. आमच्यावर ०.७५ आणि ६० अंश आहे. दुकानदार "हेच चालतं" म्हणून ८० अंशांचं देऊ लागला तर परत द्या.

पाण्याबद्दल थोडकं. बोअरचं पाणी कॉइलमध्ये सोडाल तर क्षार बसून आतून खडखड सुरू होईल. आम्ही नळाचं पाणी वापरतो, तक्रार नाही.

घ्यावा का? चार माणसांच्या घराला अजिबात नको. त्यांना सोलर आणि एक गिझर पुरे. लॉज, वसतिगृह, मोठं एकत्र कुटुंब यांनी विचार करावा, आणि हीट पंपाचाही, म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणाऱ्या विजेवरच्या यंत्राचाही, भाव काढावा. आम्ही २०२७ च्या सिंहस्थासाठी तो विचार करतोय, कारण मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे सोलर झोपलेला असतानाच. रोजचं तापवणं हीट पंपाकडे आणि पहाटेची गर्दी डिझेलकडे, असं वाटून द्यायचा बेत आहे. नोझल, कपलिंग आणि फोटोसेल मात्र आत्ताच जास्तीचे आणून डब्यात ठेवलेत. त्या गर्दीत सातपूरचा माणूस पंचवटीत पोचतोय कसला!