मिनॉक्सिडिल की फिनास्टेराइड?

कपाळाचे कोपरे आत सरकायला लागल्यापासून आमचा भाचा इंदूरच्या बोअरिंगच्या पाण्याला शिव्या घालतोय. जड पाण्याने केस राठ होतात, टक्कल पडत नाही. दिवसाला 50 ते 100 केस गळणं कुणाचंही चालतं. बघायचं ते हे, की कोपऱ्यांतले, टाळूवरचे केस लवीसारखे बारीक होतायत का. डेंग्यू-टायफॉइडनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ जातात ते वेगळं, ते बहुधा आपोआप परततात.

असं टक्कल रोखायला औषधं दोन: टाळूला लावायचं मिनॉक्सिडिल आणि पोटात घ्यायची फिनास्टेराइड. कटकट मिनॉक्सिडिलची जास्त. 5 टक्क्यांचं द्रावण, 1 मिली, दिवसातून दोनदा, कोरड्या टाळूवर. केसांवर नव्हे! केस चिकट होतात, वर पहिल्या काही आठवड्यांत गळती उलट वाढू शकते. घाबरून पुष्कळ जण इथेच बाटली टाकून देतात. फिनास्टेराइड म्हणजे रोज 1 मिलिग्रॅमची गोळी, झालं.

गोळी मुळावर जाते: टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचं डीएचटी (केसांची मुळं आक्रसवणारं संप्रेरक) होणं अडवते. मिनॉक्सिडिल त्याला हात लावत नाही, केसांच्या वाढीचा काळ लांबवतं.

धोका? द्रावणाने खाज, कोंडा. गोळीने काही पुरुषांची कामेच्छा घटते, मन खिन्न होतं. म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाहीच. घरात कुणी गरोदर असेल तर तिने फुटकी गोळी हाताळूही नये.

फरक दिसायला दोन्हींना चार-सहा महिने, आणि सोडलं की कमावलेलं जातं.

गोळीची धास्ती असेल किंवा टाळू नुकती विरळ होत असेल, तर मिनॉक्सिडिल. बायकांनीही तेच, पण गरोदरपणात नाही. घराण्यात टक्कल आणि अंगात आळस असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना विचारून गोळी. भाचा दुसऱ्या गटातला.