घरच्या बिअरसाठी केग की बाटल्या?

१९ लिटर बिअर भरायची म्हणजे ३३० मिलीच्या जवळपास ५७ बाटल्या धुवा, निर्जंतुक करा, भरा आणि एकेकीला बूच लावा. केगमध्ये, म्हणजे दाब झेलणाऱ्या धातूच्या पिंपात, तेच काम एका भांड्यात उरकतं. प्रश्न फक्त वेळेचा असेल तर वाद इथेच मिटतो.

पण खर्च? बाटल्यांना बूच लावायचं साधं यंत्र पुरतं. केगला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, दाब कमी-जास्त करणारा रेग्युलेटर, नळ्या, तोटी आणि फ्रिजमध्ये हक्काची जागा लागते. घरातल्यांची परवानगी वेगळीच.

खरी गंमत फेसाची. बाटलीसाठी लिटरमागे साधारण ५ ते ७ ग्रॅम साखर घालायची. उरलेलं यीस्ट ती खाऊन वायू तयार करतं, खोलीच्या तापमानाला दोनेक आठवड्यांत. आंबणं अर्धवट असताना भरलं किंवा साखर सढळ हाताने पडली, तर बाटली फुटून काचा उडतात. केगमध्ये ४ अंश सेल्सिअसला सिलिंडरमधल्या वायूचा १० ते १२ पीएसआय (दाबाचं एकक) दाब आठवडाभर ठेवायचा. फेस कमी-जास्त वाटला तर रेग्युलेटर फिरवा. सांधे मात्र साबणाच्या पाण्याने तपासाच, नाहीतर रात्रीत सिलिंडर रिकामा.

हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) वास मिरवणाऱ्या आयपीए या बिअरसाठी मी डोळे झाकून केग घेईन. कार्बन डायऑक्साइडने आधीच हवा हुसकावता येते, त्यामुळे वास टिकतो. कडक स्टाउट (गडद काळी बिअर) वर्षभर मुरवायची असेल तर बाटलीच; तेवढा काळ केग अडकवून ठेवणं परवडत नाही. मित्राला द्यायलाही बाटली बरी, फक्त ओतताना तळाचा गाळ मागे ठेवायला सांगा.